मला काय, चालेल

ग्लॅडिस बोलून गेली आणि लगेच चहात साखर ढवळायला लागली. म्हणजे तिच्या लेखी त्यात काही विशेष नव्हतंच. "जाऊन ये बाबा मोरकमला," ती म्हणाली होती, "तेवढाच तुझ्या जिवाला विरंगुळा. हिल्डाला बिचारीला त्या समुद्राचा मनस्वी कंटाळा. ऑगस्ट आला की म्हणायची, चालले गं बाई पुन्हा त्या चिखलाकडे बघत बसायला. पण क्लिफर्डला आवडतं, मग काय करता." ब्रॅडफर्डच्या बाजारात, छपराखालच्या त्या चहाच्या दुकानात शनिवारची दाटी होती. ओल्या कोटांचा आणि उकडलेल्या मटारावर शिंपडलेल्या व्हिनेगरचा वास कोंदला होता. क्लिफर्ड हॉलरॉइडच्या हातातला कप कलला आणि थोडा चहा बाहीवर सांडला. ग्लॅडिसने रुमाल पुढे केला. "भाजलं का रे?" "छे," तो म्हणाला, "काही नाही." मग ती आपल्या गुडघ्यांविषयी आणि जावयाविषयी बोलत राहिली, तो मान हलवत राहिला, आणि निघताना हवेबद्दल दोन शब्द बोलून दोघांनी निरोप घेतला. ग्लॅडिस आणि हिल्डा गिरणीत एकाच मेजाशी समोरासमोर बसायच्या. तयार कापडातले दोष शोधायचे आणि रफू करायचे, हे दोघींचं जन्माचं काम. हिल्डाने नवऱ्याला सांगितलं नसेल ते ग्लॅडिसला सांगितलेलं असणार, यात शंका घ्यायला जागा नव्हती.

घरी जाताना तो बसच्या वरच्या मजल्यावर बसला. बस चढ चढत होती आणि धुराने काळवंडलेली दगडी घरं एकेक करून मागे जात होती. क्लिफर्डला आवडतं. हे हिल्डाला कुणी सांगितलं? त्याला समुद्र कधीच आवडला नव्हता. वाऱ्याने त्याचे कान दुखायचे, वाळू मोज्यांत शिरायची, आणि कापडी खुर्चीत पाय पसरून काहीही न करता पडून राहायचं म्हटलं की त्याला शिक्षा झाल्यासारखं वाटायचं. तो जात होता तो हिल्डासाठी. त्याने जन्मभर ट्रॉलीबस चालवली होती. डोक्यावरच्या तारा जातील तिकडे ती बस जायची. डावीकडे वळू की उजवीकडे, हा प्रश्न त्याला कामावर कधी पडला नाही आणि घरीही त्याने तो कधी पडू दिला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात हिल्डाच्या आईने आहेर म्हणून मोरकमच्या एका घरातली खोली आठवडाभरासाठी ठरवून दिली. म्हणाली, हिल्डाला लहानपणापासून समुद्राचं वेड. हिल्डा काही बोलली नाही. सासूने विचारलं, तुम्हाला चालेल ना? तो म्हणाला, मला काय, चालेल. परतताना गाडीत हिल्डा म्हणाली, "बरं झालं नाही, गेलो ते?" आता तिने इतक्या हौसेने विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? "झकास झालं," तो म्हणाला. बस, तेवढ्यावर सगळी वर्षं उभी राहिली. बसच्या काचेवर पाणी ओघळत होतं आणि क्लिफर्डला वाटलं, दोन शहाणी माणसं इतकी खुळी कशी असू शकतात.

खोली तर यंदाचीही ठरलेलीच होती. मोरकमला खोल्या भाड्याने देणाऱ्या मिसेस पिकर्सगिलकडे रिवाजच तसा होता. आठवडा संपला, शनिवारी सकाळी बॅगा घेऊन पाहुणे खालच्या बोळकांडीत आले की ती एप्रनला हात पुसत विचारायची, "पुढच्या वर्षी हाच आठवडा ना?" हिल्डा त्याच्याकडे बघायची. तो हिल्डाकडे बघायचा. "मला काय, चालेल," तो म्हणायचा, "हिल्डाला चालत असेल तर." "मलाही चालेल," हिल्डा म्हणायची. गेल्या ऑगस्टमध्येही असंच झालं होतं आणि नोव्हेंबरात हिल्डा गेली. खोली नको म्हणून कळवायचं तर कारण द्यावं लागलं असतं, मग मिसेस पिकर्सगिलला चार सांत्वनाचे शब्द लिहावे लागले असते, आपल्यापायी दुसऱ्याला असा त्रास देणं त्याला पटेना. त्याने बॅग भरली आणि तो गेला.

मोरकमला ओहोटी होती. मोरकमला बहुतेक वेळ ओहोटीच असते. समुद्र पाहायला आलेल्या माणसांना दिवसाचा मोठा भाग समुद्र दिसत नाही, दिसतो तो नुसता ओला, करडा, लांबच लांब पसरलेला चिखल, आणि त्याच्याही पलीकडे, खाडीच्या दुसऱ्या काठावर, डोंगर. ब्रॅडफर्डच्या गिरण्या ज्या आठवड्यात बंद होतात त्याला गावात भरतीचा आठवडा म्हणतात, आणि खरोखरच त्या आठवड्यात निम्मं ब्रॅडफर्ड मोरकमच्या किनाऱ्यावर येऊन पडतं. घरी ज्यांच्या शेजारी राहायचं, इथे त्यांच्याच शेजारी खुर्ची टाकायची. क्लिफर्डला ओळखीचे चेहरे भेटत होते. हिल्डा गेल्याचं सगळ्यांना, मिसेस पिकर्सगिललाही, कळलेलं होतं, पण तिचं नाव कुणी काढलं नाही. "हवा काही वाईट नाही," असं प्रत्येकजण म्हणत होता आणि त्याचा हात हातात जरा जास्त वेळ धरत होता. त्यातून जे समजायचं ते तो समजत होता. त्यालाही त्यांच्याशी हवेबद्दलच बोलायचं होतं.

पण एकटा खुर्चीत बसला की ग्लॅडिसचं बोलणं कानात यायचं. मग तो एकेक आठवण काढून उजेडात धरू लागला, हिल्डा कापड धरायची तशी, आणि प्रत्येक आठवणीत त्याला आता भोक दिसू लागलं. हिल्डा नेहमी समुद्राकडे पाठ करून बसायची. विणताना वाऱ्याने लोकरीचे धागे उडतात म्हणायची. त्याने तेव्हा मान डोलावली होती. ती पाण्यात पाय कधी बुडवायची नाही, म्हणायची मोजे काढायचा कंटाळा. तिसऱ्या प्रहरी, उन्हाची तिरीप आली की, ती उगीच मोठ्याने म्हणायची, "आहा, काय मोकळं वाटतं इथे." ते आपल्यासाठी होतं तर. आपल्याला बरं वाटावं म्हणून. आणि आपण उत्तर द्यायचो, "वाटतं खरं." ते तिच्यासाठी. क्लिफर्डला राग आला. आधी तो हिल्डाचा आला. मेलेल्या माणसाचा राग येण्याची त्याला इतकी लाज वाटली की तो खुर्चीतून उठला आणि किनाऱ्यावरच्या रस्त्याने भराभरा चालू लागला. इतकी वर्षं एकाच पलंगावर झोपलेल्या बाईने आपल्याशी नाटक केलं. मग त्याला आठवलं की नाटकात दोन पात्रं होती, आणि त्याने वेग कमी केला. त्याला एवढंच कळून घ्यायचं होतं की त्या सगळ्यात खरं काही होतं की नाही. तिने कधी काही मनापासून मागितलं होतं का? ती कधी, कुठे, खरोखर सुखी होती का? हे विचारायचं कुणाला? विचारण्यासारखं माणूस तर नोव्हेंबरात गेलं.

बुधवारी सकाळपासून पाऊस लागला. मिसेस पिकर्सगिलकडे नाश्ता झाला की पाहुण्यांनी बाहेर पडायचं आणि संध्याकाळच्या जेवणाची घंटा होईपर्यंत परतायचं नाही, पाऊस असो की वादळ. किनाऱ्यावरच्या काचेच्या आडोशांत माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती आणि थंडीने काकडत आइस्क्रीम खात होती. "उघडेल आता," कुणीतरी म्हणे. "उघडेलच," बाकीचे म्हणत. कुणाचाही त्यावर विश्वास नव्हता. क्लिफर्ड त्यांच्यात बसला होता. कोटातून पाणी आत शिरत होतं. अचानक त्याला ते असह्य झालं, पाऊस नाही, ते "उघडेलच". तो उठला आणि सरळ घराकडे आला. त्याने दारावरची घंटा वाजवली. असं त्या घरात कुणी कधी केलं नव्हतं.

मिसेस पिकर्सगिलने दार बोटभर उघडलं. बाई सत्तरीची, रुंद, आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी पायपुसणं न वापरता आत आल्याचा भाव. "काय हो मिस्टर हॉलरॉइड, विसरलात काही?"

"नाही. आत यायचं होतं. म्हणजे तुम्हाला चालत असेल तर."

तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "कोट तिथे टांगा. आणि त्या बाजूने चला, लादी आताच पुसलीय." ती त्याला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेली. इतक्या वर्षांत त्याने ती खोली पाहिली नव्हती. चुलीजवळ ऊब होती, बटाट्यांची सालं कागदावर पडली होती. तो एका खुर्चीकडे वळला. "तिथे नको," ती म्हणाली, "तिथे मांजर बसतं. ही घ्या. हिल्डाची."

"हिल्डाची कशी?"

"कशी म्हणजे? रोज सकाळी इथेच बसायची ती. तुम्ही पेपर आणायला गेलात रे गेलात की आलीच खाली."

क्लिफर्ड खुर्चीत टेकला. पेपराचं दुकान कोपऱ्यावरच होतं. पण तो पेपर घेऊन बसस्थानकावर जायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बसगाड्या बघत उभा राहायचा. त्या आठवड्यातला तेवढाच वेळ त्याचा स्वतःचा असायचा. उशीर झाला म्हणून हिल्डा कधी रागावली नाही. त्याला वाटायचं, किती समजूतदार बाई.

"मला वाटायचं, ती वर आवरतेय," तो म्हणाला. "काय बोलायची?"

"बोलायची कसली, हसायची. मटार सोलायची माझ्याबरोबर आणि खिदळायची. मिस्टर पिकर्सगिल होते तेव्हा तेसुद्धा येऊन उभे राहायचे दारात, काय चाललंय बघायला. अर्धं हसणं तुमच्यावरच असायचं, रागावू नका. म्हणायची, आमचा क्लिफर्ड आइस्क्रीम खातो ते डॉक्टरने लिहून दिल्यासारखं."

तो हसला नाही. मिसेस पिकर्सगिल बटाटा सोलत होती आणि साल लांबच लांब खाली येत होतं. "म्हणजे तिला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"की मला इथे आवडत नाही."

तिची सुरी थांबली. "अहो, सगळ्या घराला माहीत होतं. मी काय आंधळी आहे? तुम्ही खुर्चीत बसायचात ते दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं. हिल्डा म्हणायची, तो समुद्र बघतच नाही हो, समुद्रावरून पलीकडे बघतो. ते डोंगर आहेत ना, तिकडे. तिकडे जायचंय त्याला."

"मग ती बोलली का नाही?" त्याचा आवाज चढला तसा तो स्वतःच दचकला. "एका शब्दाने बोलायचं होतं. आगगाडीने सकाळी निघालो असतो तर दुपारी जेवायला पोचलो असतो."

"मी विचारलं नसेल होय? एकदा नाही, दहादा विचारलं. म्हटलं, बाई गं, तूच म्हण ना. तर म्हणाली, मी म्हटलं की तो म्हणणार, चालेल. कशालाही तो चालेलच म्हणतो. मग मला कळायचं कसं, त्याला हवंय की नुसतं चालतंय? एकदा, एकदाच त्याने आपणहून म्हणू दे, हे नको, ते हवं. मी थांबेन म्हणाली." मिसेस पिकर्सगिलने बटाटा पाण्यात टाकला. "दर वर्षी निघायच्या शनिवारी मी विचारायची त्या वेळी बघितलंत कधी तिच्या तोंडाकडे? मी बघायची. मला तर विचारायचाच धीर होईना नंतर नंतर. पण न विचारून कसं चालेल, माझा धंदा आहे." मग ती म्हणाली, "चहा टाकते. घ्याल ना?" त्याच्या ओठांवर तोच शब्द आला होता. त्याने तो गिळला आणि नुसती मान हलवली.

तो शब्द काही वाईट नव्हता. त्याच्या आईने त्याला तोच शिकवला होता: पाहुणा म्हणून कुठे गेलं की मागायचं नाही, देतील ते घ्यायचं, विचारलं तर म्हणायचं, काहीही चालेल. चांगल्या घरच्या मुलाचं लक्षण. मोठेपणी त्याला वाटायचं, आपण बायकोवर कधी आपली मर्जी लादली नाही, ही काही लहान गोष्ट नाही. डेपोतले इतर ड्रायव्हर घरी कसे वागतात ते तो ऐकून होता. रात्री आपल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून, गुडघ्यांवर हात ठेवून, क्लिफर्ड आता त्या शब्दाच्या मागे मागे जात होता आणि तो शब्द त्याला नको तिथे नेत होता. दर वसंतात हिल्डा तळघरातून त्याचे डोंगर चढायचे जुने बूट वर आणायची. लग्नाआधी तो प्रार्थनामंदिरातल्या पोरांबरोबर गावामागच्या माळांवर भटकायला जायचा, तेव्हाचे. ती त्यांना चरबी चोळायची, नाड्या बदलायची आणि ते मागच्या दारापाशी ठेवायची. "कशाला उगाच?" तो विचारायचा. "कातडं तडकतं," ती म्हणायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. काही दिवसांनी तोच ते बूट परत तळघरात नेऊन ठेवायचा. वाटेत येतात म्हणून.

आणि लग्न. डेपोच्या फाटकाशी, गिरणीचा भोंगा झाल्यावर, ती शाल लपेटून उभी होती. बोलणं चालू होतं ते भलत्याच कशाचं तरी, आणि मध्येच बुटांकडे बघत ती म्हणाली, "आई विचारतेय, ईस्टरला उरकायचं का म्हणून." "मला काय," तो म्हणाला, "चालेल." त्या रात्री तो टोपी डेपोत विसरला आणि भुरभुरत्या बर्फात उघड्या डोक्याने घरापर्यंत चालत आला, चढावर दोनदा थांबून एकटाच हसला, अंथरुणात पडला तर झोप येईना, आनंदाने छाती दुखते हे त्याला तेव्हा कळलं. हे त्याने हिल्डाला कधी सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात, लग्न तर झालंच होतं. म्हणजे तिला जन्मभर काय ठाऊक होतं? की तिने विचारलं आणि याला चाललं. सगळ्याचं मूळ तिथे होतं. ती डोंगरांसाठी थांबली नव्हती. आपण त्याला हव्या आहोत की नुसत्या चालतो आहोत, हे कळण्यासाठी ती थांबली होती.

त्यापुढे अजून एक गोष्ट होती आणि ती त्याने नोव्हेंबरपासून मनात येऊ दिली नव्हती. ती शुक्रवारी आली. हवा एकाएकी स्वच्छ झाली होती, पलीकडचे डोंगर इतके जवळ दिसत होते की त्यांच्यावरच्या दगडी भिंती ओळखू याव्यात, आणि क्लिफर्ड किनाऱ्याच्या कठड्याला धरून उभा होता. हॉस्पिटलमध्ये हिल्डा उशीला टेकून बसली होती. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, इथे राहा नाहीतर घरी न्या, तुमची इच्छा. हिल्डाने त्याच्याकडे बघितलं. "तुला काय वाटतं, क्लिफर्ड? घरी येऊ का?" त्याला ती घरी हवी होती. स्वयंपाकघरात पलंग टाकावा, चूल पेटती ठेवावी, तिला चमच्याने भरवावं, शेवटपर्यंत तिचा श्वास ऐकावा, इतकी हवी होती. पण तिला इथेच आराम वाटत असेल तर? आपल्या हौसेपायी तिला कशाला हलवायचं? "तू म्हणशील तसं," तो म्हणाला, "मला काय, दोन्ही चालेल." ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इथेच बरंय मग," आणि तिने तोंड खिडकीकडे वळवलं. त्याला वाटलं, तिने निर्णय घेतला. कठड्याचं लोखंड थंडगार होतं. शेजारून एक ओळखीचं जोडपं गेलं आणि म्हणालं, "आज काय सुंदर उघडलंय." "हो," क्लिफर्ड म्हणाला, "सुंदर आहे." त्याला वाटलं, आपण आता किंचाळणार. पण तो किंचाळला नाही, आणि घंटेच्या वेळेला जेवायला गेला.

शनिवारी सकाळी तो बॅग घेऊन जिना उतरला. बोळकांडीत मिसेस पिकर्सगिल उभी होती. वर पाहुण्यांच्या आवराआवरीचे आवाज येत होते, दारं उघडत होती, मिटत होती. तिने एप्रनला हात पुसले, त्याच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे बघितलं. दोघांनाही पुढचं ठाऊक होतं आणि टाळावंसं वाटत होतं.

"सवयीने विचारते हो," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी हाच आठवडा?"

त्याने शेजारी बघितलं. मान आपसूक वळली. तिथे भिंत होती आणि भिंतीवर छत्र्या टांगल्या होत्या.

"नको," तो म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला की ती पुढे वाकली. "काय म्हणालात?"

"नको म्हणालो. हाच आठवडा नको, समुद्र नको. मला कधीच नको होता." आता तो थांबू शकत नव्हता. "मला तिकडे जायचं होतं, पलीकडे. हिल्डाला घेऊन. मला तिला घेऊन जायचं होतं. आणि तिला घरी न्यायचं होतं, हॉस्पिटलातून. मला ती घरी हवी होती."

मिसेस पिकर्सगिलने जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "तुमचं एवढं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने कोट चढवला असता हो."

क्लिफर्ड जिन्याच्या पायरीवर बसला आणि रडू लागला. हिल्डाला पुरलं त्या दिवशीही तो रडला नव्हता. त्याने तोंड झाकलं नाही. वरून पाहुणे बॅगा घेऊन खाली येऊ लागले, त्याला बघून एकेक पायरीवर थबकले. मग भिंतीला अंग घासत, बॅगा डोक्याच्या वर धरून, ते एकामागून एक त्याच्या बाजूने उतरले. प्रत्येकजण हळू आवाजात माफ करा म्हणत होता. तो कुणालाच काही म्हणाला नाही.